कौशीचे चाळीस टक्के

"डावा पाय की उजवा?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"डावा," मी म्हणालो.

"तुमचा?"

"नाही हो, बहिणीचा."

"मग तिला बोलू द्या की. तोंडाला काही झालेलं नाही ना?"

कौशी पुढं झाली आणि तिनं स्वतःच नाव सांगितलं. कौसल्या मारुती बोत्रे, वय तेवीस, शिक्षण बारावी. बाईंनी केसपेपर लिहिला, एका कोपऱ्यावर त्रेपन्न आकडा टाकला आणि म्हणाल्या, "बाकावर बसा. नंबर पुकारतील."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दर बुधवारी अपंगांचं बोर्ड बसायचं. बोर्ड म्हणजे एक टेबल, दोन-तीन डॉक्टर आणि रजिस्टर लिहिणारा एक कारकून. तिथं तुमच्या हातापायाचे, डोळ्याकानाचे टक्के ठरायचे. चाळीस आणि वर पडले तर दाखला कामाचा. एकोणचाळीस पडले तर तो कागद चूल पेटवायला न्यावा.

कौशीला चाळीस हवे होते. जिल्हा परिषदेत कनिष्ठ लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या आणि त्यातली एक अपंगांसाठी होती. फॉर्म मीच भरला होता. लेखी झाली, टायपिंग झालं, पोरगी दोन्हीत पहिली आली. पुढच्या मंगळवारी मुलाखत होती आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, मूळ दाखला सोबत आणावा. म्हणजे हाच एक बुधवार हातात होता.

आईला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पेठेतून अस्तराचं कापड आणायला जातो, अशी थाप मारून निघालो होतो. आमचा धंदा शिलाईचा. वडील गेल्यावर मशीन माझ्याकडं आली आणि घर आईकडं. आईच्या कानावर घातलं असतं तर ती दारातच आडवी पडली असती. तिचं म्हणणं एकच, "एकदा का सरकारी शिक्का बसला की तो जन्माचा. मग कोण करील माझ्या पोरीला?"

शिक्का बसू नये म्हणून आईनं जे केलं होतं ते सांगितलं तर खोटं वाटेल. दुसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओनं कौशीचा डावा पाय दोन इंचांनी आखूड आणि पोटरी मनगटाएवढी. पण सोळाव्या वर्षापासून रोज दिवेलागणीला आई तिला माजघरात चालवायची. हातात ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले पाच पेले. डावी टाच टेकवायची नाही, चवड्यावर चालायचं, कंबर हलू द्यायची नाही. कंबर हलली की आई माझी लाकडी फूटपट्टी घेऊन खुब्यावर टक्कन मारायची. "सरळ! माणसं काय तुझं तोंड बघायला येतात होय?" मी मशीनवर बसून ते ऐकायचो आणि पायडल जरा जोरात मारायचो. साडीचा काठ जमिनीला टेकलेला राहावा म्हणून तिचे परकर मी एका बाजूला वेगळ्या मापाचे शिवत होतो. सांगायचं काय, तर त्या पापात माझाही हात होताच.

सात स्थळं तरीही फिरली. कुणाला ना कुणाला कुठूनतरी कळायचंच. आठवं स्थळ आलं ते अवसऱ्यांचं, आणि ते साट्यालोट्याचं. म्हणजे त्यांच्या रमाकांतला आमची कौशी आणि मला त्यांची निर्मला. हुंडा नाही, देणंघेणं नाही, एकाच मांडवात दोन्ही लग्नं. त्यांची माणसं आली, कौशी ट्रे घेऊन आली, चालून दाखव म्हटल्यावर खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. पाण्याचा थेंब सांडला नाही. "लहानपणी पाय मुरगळला होता, थंडीत जरा दुखतो," असं आईनं सांगितलं. त्यांनी पसंती कळवली.

मग आम्ही निर्मलेला बघायला गेलो. गळ्यातली टेप काढायची विसरून मी तसाच गेलो होतो. चहा देताना तिनं ती पाहिली, ओठ दाबले आणि आत गेल्यावर खुदकन हसली. ते हसू मला ऐकू आलं. आता काय लपवायचं, त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नव्हतं. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या मी उलट्या जोडल्या.

पण कौशीच्या नोकरीच्या मी आड नव्हतो. देवाशपथ नव्हतो. माझा हिशोब सरळ होता. आधी ऑर्डर हातात येऊ दे, मग अवसऱ्यांना खरं काय ते सांगू. सरकारी पगाराची सून म्हटल्यावर पायाकडं कोण बघतं? आणि कौशीचं तर ठरलेलंच होतं. एसटीत येताना ती मला म्हणाली होती, "दादा, नोकरी लागली ना, की मी टाच टेकवून चालणार. भर रस्त्यातून. लंगडत."

बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. मळणी यंत्रात त्याचा उजवा पंजा गेला होता. तो कौशीला जाता-येता बघत होता. सवयच ती, पाण्याच्या नळाकडं जातानाही ती सरळ चालली होती.

"पोरी, कशाला आलीस गं तू?" त्यानं विचारलं.

"पायाचा दाखला काढायला."

"कुठल्या पायाचा?"

कौशी हसली. म्हातारा हसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "हितं लंगडं दिसायचं असतंय, बाई. त्यो बघ, त्यो पलीकडचा. सकाळी सायकलवर आला, आता भिंत धरून चाललाय. आन् तू खरी असून मिरवायला लागलीस? आत गेलीस की खरं चाल. एकदाच चाल, पण खरं चाल."

"होय बाबा," कौशी म्हणाली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "खरं कसं चालायचं तेच आठवावं लागेल रे आता."

आतून कारकून नंबर पुकारत होता. दाराला हिरवा पडदा होता, माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा. घोगरा, शेवटाला लांबवलेला. "एक्केचाळीऽस. बेचाळीऽस." अकरा वाजले, बारा वाजले. कौशी तोंड धुवायला नळावर गेली आणि तेवढ्यात पडदा बाजूला करून तो कारकून तंबाखू थुंकायला बाहेर आला.

मला पाहून तो थांबला. रमाकांतचा सख्खा चुलता, दिगंबर अवसरे. आमच्या घरी येऊन, पोहे खाऊन, "आम्ही आरोग्य खात्यात असतो," असं सांगून गेलेला माणूस. आरोग्य खातं म्हणजे नेमकं कुठलं टेबल, हे विचारायची बुद्धी तेव्हा मला झाली नव्हती.

"काय उत्तमराव! इकडं कुठं?"

माझी पाचावर धारण बसली. पण तोंड बोलून गेलं, "काही नाही हो काका. कौशीचं जरा... झेडपीत जागा निघालीय. कुणीतरी म्हटलं, पायाचं थोडं काही असलं तरी दाखला मिळतो. म्हटलं बघावं प्रयत्न करून."

"अस्सं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी यादीत नाव बघितलं, तेव्हाच म्हटलं, ही तीच का? मुरगळला होता नाही का पाय?"

"मुरगळलाच होता."

"मग काय काळजी? हजार लोक येतात असे नशीब बघायला. आत मी आहेच. बघू डॉक्टर काय म्हणतात ते." दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. "साखरपुड्याचा दिवस वहिनी येत्या रविवारी काढणार आहेत. दोन्हींचा. त्याआधी सगळं नीट बघून घेतलेलं बरं, नाही का?"

ते आत गेले. मी बाकावर बसलो. म्हातारा काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. कौशी तोंड पुसत आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं रे? ऊन लागलं का?" मी मान हलवली. दिगंबररावांचं तिला काही सांगितलं नाही. ती ट्रे घेऊन आली होती तेव्हा तिची मान खाली होती, तिनं कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिला ते ओळखू यायचे नाहीत, असं मी धरून चाललो.

"त्रेपन्नऽ. बोत्रे कौसल्याऽ."

कौशी उठली. केसपेपर हातात घेतला, पदर खोचला. दारापाशी थांबली आणि मागं वळून मला विचारलं, "दादा, कसं चालू?"

मी उत्तर दिलं. ती आत गेली.

पडदा अर्धा उघडाच राहिला होता, त्यामुळं मला सगळं दिसलं. डॉक्टर घाईत होते, मागं अजून चाळीस माणसं होती. त्यांनी पाय टेबलावर घ्यायला लावला, गुडघा वाकवून बघितला, "दाब, जोरात दाब," म्हणाले. कौशीनं दाबला. पोटरी बघून म्हणाले, "बारीक आहे. बरं, भिंतीपर्यंत जाऊन ये."

ती गेली. चवड्यावर, कंबर न हलवता, साडीचा काठ जमिनीला टेकवून. हातात ट्रे नव्हता एवढंच. भिंतीला हात न लावता वळली आणि तशीच परत आली. दिगंबरराव रजिस्टरवर पेन धरून तिच्या पायांकडं बघत होते.

"चांगली चालतेस की," डॉक्टर म्हणाले. "कशाला ग आलीस? कशासाठी हवाय?"

"नोकरीसाठी."

"बाई, तुझ्यापेक्षा वाईट चालणारे बाहेर बसलेत." त्यांनी आकडा सांगितला आणि दिगंबररावांनी तो लिहिला. अठ्ठावीस टक्के. मान्य नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा, असंही सांगितलं. मुलाखत सहा दिवसांवर होती.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. तोही बिनपंजाचा. "अगं काय केलंस हे! अगं काय केलंस पोरी!"

दिगंबरराव मात्र पडद्यातून डोकावले आणि हसून म्हणाले, "उत्तमराव, नाही मिळाला दाखला. पण आपल्या दृष्टीनं चांगलंच झालं म्हणायचं."

परतीच्या गाडीत कौशीच्या पायात गोळा आला. चप्पल काढून तिनं पाय सीटवर घेतला आणि पोटरी चोळत बसली. बरीच गावं मागं गेल्यावर म्हणाली, "सवयीनं झालं रे. चाल म्हटल्यावर पाय आपोआप तसाच पडला."

मी म्हणालो, "हो. सवयच ती."

पुढं आईला कळलं तेव्हा तेच सांगितलं. मित्रांना तेच सांगितलं. आईनं शिकवलं आणि ते नेमकं नको तिथं कामाला आलं, अशी गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की ऐकणारे हळहळायचे आणि आईला नावं ठेवायचे. आई बिचारी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "माझ्यामुळं पोरीची नोकरी गेली." मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या चितेला अग्नी दिला तेव्हाही नाही.

खरं असं आहे, की कौशीनं "कसं चालू" म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "आईनं शिकवलंय तसं."

तीन शब्द. आत जायच्या आधी तिनं एकदा माझ्याकडं नीट बघितलं होतं. मी नजर केसपेपरवर नेली होती.

वैशाखात एका मांडवात दोन लग्नं लागली. निर्मला आमच्या घरी आली, कौशी त्यांच्या घरी गेली. निर्मलेबद्दल मी वाईट बोललो तर जीभ झडेल. बाई सोन्यासारखी निघाली. पण तिकडं काय झालं? चवड्यावर माणूस भिंतीपर्यंत जाऊन येऊ शकतो. संसार तसा होत नाही. पंधरवड्यात त्यांना कळलं. सासू म्हणाली, फसवलं. रमाकांत म्हणाला, फसवलं. दिगंबरराव म्हणाले, "मी स्वतःच्या डोळ्यांनी बोर्डात बघितली होती. अठ्ठावीस टक्के लिहिलंय माझ्या हातानं. मग आता ही लंगडते कशी? नाटकं आहेत." झालं. सरकारी कागदावर ती धडधाकट होती, म्हणून हापशावरून पाण्याच्या कळशा तिनंच आणायच्या. लंगडली की नाटक.

एकदाच ती निघून आली होती. पाठीवर वळ होते. आई म्हणाली, राहा. मीही म्हणालो, राहा. तिसऱ्या दिवशी निर्मलेचा बाप दारात आला आणि म्हणाला, "तुमची तुम्ही ठेवून घेताय ना? मग आमची आम्ही नेतो." साटंलोटं म्हणजे हेच असतं. निर्मलेला सातवा महिना चालू होता. ती ओट्याला टेकून रडत होती. मी मशीनवर बसून पायडल मारत राहिलो. कौशीनं स्वतःच पिशवी भरली. जाताना निर्मलेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "वहिनी, रडू नका. मी जाते ना."

त्यानंतर ती माहेरी राहायला आली नाही. सणावाराला यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. माझा संसार असा उभा राहिला आहे. लोक म्हणतात, उत्तमरावांचं चांगलं चाललंय.

दोन वर्षांपूर्वी रमाकांत वारला. मूलबाळ नव्हतं. दीर-जावांनी कौशीला मागच्या खोलीत टाकलं. तोवर तिचा खुबा पार झिजून गेला होता, वॉकरशिवाय उभंही राहता येत नव्हतं. निराधार योजनेचं अनुदान मिळावं म्हणून अपंगत्वाचा दाखला हवा होता. मीच घेऊन गेलो. तेच सिव्हिल, इमारत नवी. आता सगळं कॉम्प्युटरवर. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला, कौशीला खुर्चीतून उठायलासुद्धा लावलं नाही. म्हणाल्या, "हे पोलिओनं झालेलं नाही, मावशी. पोलिओ लहानपणचा. हा खुबा वर्षानुवर्षं चुकीचं चालून गेलाय. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला, असं चालू नका म्हणून?"

कौशी म्हणाली, "नाही."

बहात्तर टक्के मिळाले.

दाखला हातात पडल्यावर आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. तेवीस वर्षं गिळलेलं बाहेर आलं. म्हटलं, "कौशे, त्या दिवशी तू मला विचारलंस, कसं चालू. मी तुला तसं सांगायला नको होतं. आत कारकून म्हणून कोण बसलं होतं ते तुला माहीत नव्हतं. रमाकांतचा चुलता होता. दिगंबरराव. मी त्याला भ्यायलो. मला निर्मला हवी होती गं."

कौशी दाखल्यावरचा आपला फोटो बघत होती.

"माहीत होतं की," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"आत कोण आहे ते. घरी बघायला आले तेव्हा माझी मान खाली होती, पण कान उघडे होते ना, दादा. सकाळी त्यांनी पहिला नंबर पुकारला तेव्हाच मी आवाज ओळखला. तू त्यांच्याशी बोलत होतास तेही नळापाशी उभी राहून ऐकलं."

मी म्हणालो, "मग... मग विचारलंस कशाला मला?"

"त्याच्यासाठीच तर विचारलं." तिनं दाखला दुमडला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. "म्हटलं, बघू तरी दादा काय सांगतो."

मग तिनं वॉकर पुढं ओढला आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं.